केजूच्या नावाची तार

रूपरावांनी खिशातून तारेचा छापील कागद काढून मांडीवर सरळ केला, तेव्हा कांताला कळलं की ही बैठक नणंद मीराच्या लग्नाची नाही, आपल्या नवऱ्याची आहे.

तोवर सगळं लग्नाचंच चाललं होतं. बारा मेची तारीख, समुद्रपूरचे पाहुणे, मांडवाला बांबू कुणाच्या शेतातून आणायचे, असं सकाळपासून. ओसरीत धोतर पसरून कांता आणि तिची मोठी जाऊ लीलाबाई लग्नाचे सरगुंडे करत बसल्या होत्या. एकीनं काडीवर कणीक वळायची, दुसरीनं ती अलगद सोडवून उन्हात टाकायची. वाळत घातलेल्या सरगुंड्यांवर कांताची सहा वर्षांची कुंदा राखण बसली होती आणि तीन वर्षांचा केजू राखणदारणीच्या पाठीमागून ते कच्चेच खात होता.

"वासुदेवले तार करू," रूपराव म्हणाले. "समुद्रपूरवाल्याईनं साफ सांगतलं, फौजी भाऊ मांडवात दिसला पायजे. त्याईनं चार गावात सांगून ठेवलं हाय."

सासरे अण्णाजी गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, घरातलं शेवटचं बोलणं रूपरावांचं होतं. माणूस वाईट नव्हता. फक्त आपण एखादी गोष्ट बोललो की ती निम्मी झालीच, अशी त्यांची समजूत होती, आणि उरलेली निम्मी घरातल्या बायका करून टाकत असल्यामुळे ती समजूत कधी मोडली नाही. वासुदेव त्यांचा धाकटा भाऊ, पलटणीत नाईक. ऑक्टोबरात त्याची पलटण शांतिसेनेबरोबर लंकेला उतरली. पंधरा-वीस दिवसांनी निळं पत्र यायचं. शेवटचं आलं ते होळीच्या आधी, आणि आता एप्रिल अर्धा सरला होता.

"सुट्टीचा अर्ज कराले सांगा ना दादा," नवरी मीरा दारातून म्हणाली.

"अर्जाले कोन पुसते तिथं? लढाईतून मानूस तारेशिवाय सुटत नाई. आन तारेत कोनीतरी सिरियस पायजे."

"मंग कोनाले करायचं?" लीलाबाईंनी विचारलं. आज पाणी कुणी भरायचं, असं विचारावं तितक्या सहज.

रूपरावांनी बोटं उघडली. "बाबाची खरीच करा लागली. मायची वास्तूच्या टायमाले झाली. बायकोची म्हनसान, तं साहेब लोक हासते. नव्या लग्नाच्या पोट्ट्याईच्या रोज येतेत म्हनते तशा. मंग उरलं कोन?"

त्यांची नजर ओसरीभर फिरली आणि केजूवर येऊन थांबली. केजूच्या ओठांभोवती पीठ होतं.

"केजूची करू. लेकराची तार म्हटल्यावर साहेब घंटाभर ठेवत नाई. 'केजाजी सिरियस, कम सून.' बास."

आता या घरची एक रीत सांगायला हवी. धाकट्या सुनेनं भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, समोरासमोर बोलायचं नाही. नऊ वर्षांत कांता रूपरावांशी एक शब्द बोलली नव्हती. पाणी तापलं तर ती कुंदाला म्हणायची, "कुंदे, मोठ्या बाबाले सांग, पानी तापलं." कुंदा जन्मायच्या आधी ती दावणीच्या वासराला सांगायची, आणि रूपरावही वासराकडेच बघून उत्तर द्यायचे. वासरू बैल झालं, पण रीत तशीच राहिली.

कांतानं हातातली काडी खाली ठेवली. पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि सरळ रूपरावांकडे पाहिलं.

"माह्या लेकराचं नाव त्या कागदावर चढनार नाई, भाऊजी."

लीलाबाईंचा हात थांबला. मीरा दारातून अर्धी आत सरकली. रूपरावांनी सवयीनं आजूबाजूला पाहिलं, कुणाच्या मार्फत उत्तर द्यावं म्हणून. कुंदा तोंड उघडं टाकून आईकडे बघत होती, तिचा उपयोग नव्हता. शेवटी ते देवकाबाईंकडे वळले.

"माय, हे काय बोलून राह्यली?"

देवकाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. सकाळपासून त्यांनी बैठकीत एक शब्द टाकला नव्हता. आताही त्या गप्पच राहिल्या, आणि कांताला त्यातच धीर वाटला. खोट्या तारेचा चटका या घरात सगळ्यात जास्त कुणाला बसला असेल तर तो देवकाबाईंनाच.

ती गोष्ट घरात कुणी काढत नसे. तीन वर्षांपूर्वी रूपरावांनी स्लॅबचं घर बांधलं. वास्तूला भाऊ पाहिजे म्हणून 'मदर सिरियस' अशी तार जम्मूला गेली. घरच्यांना वाटलं, सिरियस म्हणजे सिरियस. पण पलटणीत सिरियसचा अर्थ सगळ्यांना पाठ असतो. मेलं असं कुणी लिहीत नाही, माणूस वाटेत खचू नये म्हणून सिरियस लिहितात. वासुदेव तीन दिवस गाडीत रडत आला. वर्धा स्टेशनाबाहेर न्हाव्यापुढं बसला, डोकं आणि मिशी उतरवली आणि तसाच एस्टीत बसून अल्लीपूरला आला. मांडवात देवकाबाई पुऱ्या लाटणाऱ्या बायकांवर ओरडत होत्या. पोराचं भादरलेलं डोकं पाहून त्यांच्या हातातलं लाटणं पडलं.

"कोन गेलं रे बाप्पा?" त्यांनी विचारलं.

"तू," वासुदेव म्हणाला.

पाहुणे हसले, पुढं कित्येक दिवस हसत राहिले. वासुदेव मात्र दोन दिवस कुणाशी बोलला नाही. आईजवळ नुसता बसून राहायचा आणि मध्येच तिच्या हाताला हात लावून बघायचा. त्या दोन दिवसांत कांताला नवरा जितका कळला तितका सहा वर्षांत कळला नव्हता.

"मागच्या टायमाले परत गेले, तवा सुभेदारसायबानं त्याईले उभं करून सांगतलं," कांता म्हणाली. "एक खोटी माफ. आता दुसरी खोटी निघाली तं नाईकाची फीत जाईन, आन मंग खरी आली तरी कोनी आयकनार नाई. म्हंजे आता आपल्यापाशी एकच तार हाय, भाऊजी. ते माह्या लेकरायची हाय. लग्नाची नाई."

"लेकरायले काय झालं हाय? धडधाकट तं हायेत!"

"जानेवारीत झालं होतं."

"सर्दी झालती, होय ना वं?" रूपराव बायकोकडे वळले.

लीलाबाई कणकेच्या गोळ्याकडे बघत होत्या. आतापर्यंत त्या नवऱ्याच्या बाजूनं बसल्या होत्या. जागा त्यांनी अजूनही बदलली नाही, पण बाजू बदलली.

"सर्दी नोहती ते," त्या म्हणाल्या. "निमोनिया होता. तुमी तवा कापूस घेऊन आठ दिवस हिंगनघाटले होते. आमी तुमाले सर्दी सांगतली. हे एकटी त्याले एस्टीनं वर्ध्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. सात दिवस बसली. मी डबा घेऊन गेलतो, तं लेकराची बरगडी अशी आत जाये." त्यांनी हातानं दाखवलं आणि हात लगेच मागं घेतला.

"तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हने, घरच्याईले बोलवा," कांता म्हणाली. "मी पोस्टात गेलो. कागद घेतला. मंग म्हटलं, सकाळलोक वाट पाहू. सकाळी ताप उतरला. तो कागद मी फाडला. तवा नाई पाठवली मी, आन आज हा सरगुंडे खाऊन राह्यला तं पाठवू?"

केजूनं आपलं नाव निघालंय हे ओळखून हातातला तुकडा पाठीमागं लपवला. मीरा आतून म्हणाली, "दादा, नको. माह्या लग्नासाठी असं नको." रूपरावांनी कागद घडी करायला घेतला होता. कांताला वाटलं, सुटलो.

"लिही रूपा," देवकाबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"माय, तूच..."

"लिही म्हटलं ना. केजूचीच लिही. आन आत्ताच्या आत्ता टाकून ये."

कांता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ज्या बाईच्या भरवशावर तिनं नऊ वर्षांची रीत मोडली होती, ती बाई तिच्याकडे बघायलाही तयार नव्हती. रूपरावांना काय, आईचा हुकूम मिळाला. त्यांनी कागद भरला, टोपी घातली आणि सायकल काढली.

"आत्याबाई, काऊन असं?" कांतानं सासूला विचारलं.

देवकाबाईंनी तोंड फिरवलं.

कांताला राग आला. नुसता राग नाही, डोळ्यांत पाणी आणणारा राग. पण रडायला वेळ नव्हता. तिनं केजूला कडेवर घेतलं, कुंदाला मोठ्या आईजवळ बसायला सांगितलं आणि चपला पायात सरकवल्या.

"कुठं चालली वं?" लीलाबाईंनी विचारलं.

"पोस्टात."

"लोकं काय म्हनतीन?"

"म्हनू द्या. मी आयकाले थांबनार नाई."

रूपराव सायकलवर असले तरी पानठेल्यापाशी थांबल्याशिवाय पुढं जात नाहीत, हे सगळ्या अल्लीपूरला ठाऊक होतं. कांता शाळेमागच्या गल्लीतून निघाली. ऊन चढलं होतं. केजू जानेवारीपेक्षा चांगलाच जड झाला होता, आणि कडेवर तो भार घेऊन भरभर चालताना तिला एकीकडे धाप लागत होती आणि एकीकडे त्या वजनाचं समाधान वाटत होतं. ती पोस्टात शिरली तेव्हा रूपरावांचा कागद नुकताच खिडकीतून आत गेला होता.

पोस्टमास्तर बंडोपंत चष्मा पुसत होते. बाकावर मनीऑर्डरीला आलेल्या दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. रूपरावांनी मागं वळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"तू इथं काऊन आली?" म्हणजे आता तेही सरळ बोलायला लागले होते.

कांता त्यांना काही म्हणाली नाही. तिनं केजूला उचललं आणि खिडकीपुढच्या फळीवर बसवलं. केजूनं लगेच शिक्क्याच्या पॅडमध्ये बोट घातलं.

"हा कोण?" बंडोपंतांनी पॅड बाजूला सरकवत विचारलं.

"हाच तो, मास्तर. तारेतला."

बंडोपंतांनी कागद पाहिला, केजू पाहिला, पुन्हा कागद पाहिला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पुष्कळ मेलेल्यांच्या आणि त्याहून जास्त न मेलेल्यांच्या तारा पाठवल्या होत्या. पण तारेतला माणूस फळीवर येऊन बसण्याची ही पहिलीच वेळ होती.

"हे बघा ताई," ते हळूच म्हणाले, "फॉर्म आला, पैसे आले की मला तार अडवता येत नाही. खरी की खोटी, ते विचारणं माझं काम नाही. माझ्या हातात एवढंच आहे, की हिंगणघाटला फोनवर सांगायच्या आधी मी मजकूर वाचून दाखवतो आणि पाठवणाऱ्यानं बरोबर म्हणायचं."

"मंग वाचा," कांता म्हणाली.

बंडोपंतांनी चष्मा चढवला. रोज ते पुटपुटल्यासारखं वाचायचे. आज त्यांनी आवाज जरा मोठा लावला.

"केजाजी सिरियस..."

"ओ!" केजू म्हणाला.

कुणी नाव घेतलं की ओ द्यायची, हे त्याला कांतानंच शिकवलं होतं. दोन्ही म्हाताऱ्या वळून बघायला लागल्या. एकीनं पदराचं टोक तोंडात धरलं.

"केजाजी सिरियस," बंडोपंतांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"ओ!" केजू आणखी जोरात म्हणाला. मास्तरांना ऐकू कमी येत असावं, असं त्याला वाटलं.

"कम सून. रूपराव." बंडोपंतांनी कागद खाली केला. "बरोबर, रूपराव?"

रूपराव फळीवरच्या पोराकडे बघत होते. केजूनं शाईचं बोट त्यांच्याकडे केलं. "मोठेबाबा, पाह्य, निळं."

"बरोबर म्हणायचं का?"

रूपरावांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. चार वर्षं ज्यांचा शब्द घरात शेवटचा ठरला, त्यांना चार अक्षरं बोलता येईनात. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली.

"द्या तो कागद," ते म्हणाले. बंडोपंतांनी तो इतक्या झटकन दिला, की जणू त्यांना तो हातात नकोच होता. रूपरावांनी त्याचे चार तुकडे केले. मग एकदम, बाकाकडे पाठ करून, कांताला म्हणाले, "माह्यं मन नोहतं वं. घरी तं मी घडी करून राह्यलतो. पन मायनं जेवन सोडलं हाय."

"काय?"

"परवापासून. रेडिओवर लंकेत जवान गेल्याचं आयकलं तवापासून. ताट घेते आन म्हशीपुढं टाकते. मी गोठ्यात पाह्यलं. मले म्हने, कोनाले सांगशीन तं माही शपथ हाय. तिले लग्नाचं काई नाई. तिले तो तिथून काढाचा हाय. आता मायले काय सांगू मी?"

कांतानं फळीवरच्या केजूला कडेवर घेतलं. आपण सासूच्या ताटाकडे दोन दिवस बघितलंसुद्धा नाही, याची तिला लाज वाटली. आणि आपल्याला एवढा राग ज्या बाईचा आला, ती बाई तीच रेडिओवरची बातमी ऐकून आपल्यापासून दहा हातांवर उपाशी निजत होती.

"तुमी नका सांगू," ती म्हणाली. "मी सांगतो." मग ती खिडकीकडे वळली. "मास्तर, एक निळं पत्र द्या."

परत येताना रूपरावांनी केजूला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि स्वतः सायकल हातानं ढकलत चालले. कांता दोन पावलं मागून चालली. वाटेत ते एकदाच बोलले. "समुद्रपूरवाल्याईले मी पाह्यतो. भाऊ लढाईत हाय म्हन्तो. फौजी पायजे होता ना त्याईले, मंग हाच फौजी हाय."

देवकाबाई खांबापाशीच होत्या. रूपराव ओसरी न चढता सरळ गोठ्याकडे गेले. तारेचं आईला सांगायचं असलं, की मोठ्या माणसालाही गोठ्यात काम निघतं.

"गेली?" देवकाबाईंनी विचारलं.

"नाई." कांता त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "भाऊजीनं फाडली."

देवकाबाईंच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. "तुले तो घरी नको हाय का वं? माय मी हाय त्याची! एक डाव डोकं भादरलं त्यानं माह्यासाठी, आनखीन एक डाव भादरंन. पन इथं येईन तं खरं!"

"पायजे, आत्याबाई. तुमच्याइतकाच पायजे. रोज पायजे." कांता म्हणाली. "पन जम्मूत तार आली तं मानूस गाडीत बसून रडते. तिथं तसं नाई. त्याईनं लिहिलं होतं ना, रस्त्यात सुरुंग पेरून ठेवते म्हून? पायापाशी पाहून चाला लागते म्हून? तार हातात पडल्यावर त्याईले तिथून निंघाले चार-पाच रोज लागतीन. ते चार रोज ते कुठं पाह्यतीन, आत्याबाई? पायापाशी, का केजूपाशी?"

उघड्या तळव्यांनी देवकाबाई आपले गुडघे चोळत राहिल्या. लीलाबाई, मीरा, कुंदा, सगळ्या दारात गोळा झाल्या होत्या, पण कुणी पुढं आलं नाही. मग देवकाबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज न करता.

"मंग मी काय करू वं?" त्या म्हणाल्या. "मले काईच करता येत नाई. सांग ना, मी काय करू?"

इतकी वर्षं सुनेला काय करायचं ते सांगणाऱ्या बाईनं हे विचारावं, याचं कांताला रडू यायला हवं होतं. पण तिला उलट कंबर बांधल्यासारखं वाटलं. तिनं निळं पत्र मांडीवर उलगडलं आणि कुंदाच्या दप्तरातली पेन्सिल मागवली.

"तुमी सांगा, मी लिहितो. जे हाय ते लिहू. केजूच्या निमोनियाचंबी लिहितो आज. बरा झाल्यावर लिहिलं तं भेव नाई." ती लिहीत गेली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणत गेली. "मीराचं लग्न बारा मेले. सुट्टी भेटली तं या, नाई भेटली तं आमी पार पाडतो. तार मी पाठवली तरच निंघजा, दुसऱ्या कोनी पाठवली तं निंघू नका." तिनं पेन्सिल उचलली. "आता तुमचं सांगा."

"माह्यं काय? माय बरी हाय म्हन."

"आनखीन?"

"दोन टाईम जेवते म्हन. काळजी करू नको म्हन."

पेन्सिल हलली नाही.

"काऊन थांबली?"

"या घरातून त्याईले आता खोटं काई जानार नाई, आत्याबाई. आधी जेवा. मंग लिहितो."

देवकाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. कांतानंही नजर खाली घेतली नाही. लीलाबाई काही न बोलता आत गेल्या आणि ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि कांदा घेऊन आल्या. देवकाबाईंनी ताट पुढं ओढलं. पहिला घास त्यांनी तोंडात कितीतरी वेळ घोळवला, गिळवेना म्हणून. दुसरा जरा लवकर गेला. केजू त्यांच्या मांडीला टेकून बसला आणि तिसऱ्यात वाटेकरी झाला. अर्धी भाकर संपेपर्यंत ओसरीत कुणी हललं नाही.

"आता लिही," देवकाबाई तोंड पुसत म्हणाल्या. "माय जेवली म्हून लिही."

कांतानं लिहिलं.

"आन भाजीत मीठ कमी हाय, तेबी लिही."

कांतानं तेही लिहिलं.